टर्कीच्या शिकारीत कॅमेरा डोक्यावर नको

संपादक महोदय,

अॅक्शन कॅमेऱ्यांविषयी, म्हणजे अंगावर किंवा वाहनावर बांधायच्या छोट्या कॅमेऱ्यांविषयी, मराठीत जे छापून येते ते बहुतेक दुचाकी, ट्रेकिंग आणि डायव्हिंगच्या अंगाने. त्यातला 'कॅमेरा डोक्यावर बांधा' हा सल्ला अमेरिकेतल्या वसंत ऋतूतील रानटर्कीच्या शिकारीला जसाच्या तसा लावला, तर चित्रीकरणही हाती लागत नाही आणि पक्षीही. इथे परवाना काढून रानात जाणारे मराठी वाचक थोडे का होईना आहेत. त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

टर्कीचे नाक मंद, पण नजर विलक्षण. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान जराशी वळवली की त्याला चौफेर दिसते, रंगही कळतात. बुंध्याला पाठ टेकून बसलेल्या शिकाऱ्याची चाहूल त्याला लागते ती मुख्यतः हालचालीवरून. डोक्यावरचा कॅमेरा ती हालचाल अधिक ठळक करतो, शिवाय ऊन समोरून असेल तर काच लकाकते. छातीवर बांधला तर उभा गुडघा आणि बंदुकीचा दस्ता एवढेच दिसते. नळीला लावलेला कॅमेरा बार होतानाचे दृश्य छान देतो, पण १२ बोअरच्या जड काडतुसाच्या धक्क्याने नुसत्या बोटांनी आवळलेला स्क्रू सैल होतो आणि कॅमेरा मान टाकतो. तो लावायचाच असेल तर नळीच्या तोंडापासून बराच मागे, स्क्रू पान्याने आवळून आणि दोरीने बांधून. मग कागदावर बार काढून छर्ऱ्यांचा फैलाव पुन्हा तपासावा. दृश्य टिपण्यासाठी बंदूक वळवणे मात्र आम्हांला अक्षम्य वाटते. नळी फिरते ती ओळख पटलेल्या पक्ष्याकडे, आणखी कशाकडेही नाही.

खरी अडचण भिंगाची आहे. 'लिनियर' म्हणजे कडांचा बाक काढून टाकणाऱ्या मोडमध्ये दृश्याचा आडवा कोन साधारण ९० अंश धरला, तर ३० मीटरवर चौकटीची रुंदी ६० मीटर होते. फोर-केच्या ३८४० पिक्सेलमध्ये सुमारे एक मीटर लांबीच्या नराच्या वाट्याला जेमतेम ६४ पिक्सेल येतात. पडद्यावर तो काळा ठिपका असतो, आणि डिजिटल झूमने ठिपकाच मोठा होतो. तोच कॅमेरा पक्ष्यापासून ४ मीटरवर ठेवला तर ४८० पिक्सेल मिळतात: फुगवलेली पिसे, पंख्यासारखी उघडलेली शेपटी, डोक्याचा बदलता रंग, सगळे दिसते.

म्हणून कॅमेरे दोन हवेत. एक पाठीमागच्या झाडाला, खांद्याच्या वर, पट्ट्याने बांधलेला. सार्वजनिक जंगलात अनेक ठिकाणी झाडात स्क्रू मारायला मनाई असते. दुसरा, नराला भुलवण्यासाठी ठेवलेल्या नकली पक्ष्याजवळ, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर. नकली मादी किंवा 'जेक' म्हणजे तरुण नर साधारण १८ मीटरवर ठेवतात. तुम्ही आणि तो नकली पक्षी यांना जोडणारी रेषा मनात आखा. कॅमेरा त्या रेषेच्या काटकोनात, ४-५ मीटर बाजूला असावा. रेषेत किंवा तिच्याजवळ ठेवला तर छर्रे त्यालाच लागतात. गवताच्या पात्यांच्या वर येईल इतकी उंची ठेवा, कारण भिंगासमोर झुलणारे एकच पाते अख्खे दृश्य खराब करते. पहाटे दोन्हीपैकी कोणत्याही कॅमेऱ्याच्या समोर पूर्व येणार नाही अशी बैठक निवडावी.

सेटिंग आदल्या रात्रीच करून ठेवावीत. बीप बंद, पडदा बंद, लुकलुकणारे लाल दिवे बंद. खुंटीवरच्या कॅमेऱ्याचे स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर कमी करणारी सोय, तेही बंद. हलत नसलेल्या कॅमेऱ्यात ते चौकट कापते आणि बॅटरी खाते. बहुतेक राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, तेव्हा उजेड फारच कमी असतो. सेकंदाला ६० फ्रेम निवडल्या तर एका फ्रेमला फार तर १/६० सेकंद प्रकाश मिळतो, ३० निवडल्या तर १/३०. म्हणून ३०च बऱ्या. लपण्याच्या कापडी तंबूत बसला असाल तर भिंग खिडकीच्या अगदी तोंडाशी आणा, नाहीतर आतल्या काळोखाला धरून ऑटो एक्स्पोजर बाहेरचे सारे पांढरेफटक करते.

सेकंदाला ६० मेगाबिटने तासाला २७ जीबी भरतात, त्यामुळे १२८ जीबीचे व्ही३० (हा लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) कार्ड सकाळभर पुरते. बॅटरी मात्र पुरत नाही, थंडीत तर आणखी लवकर बसते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. पॉवर बँक जोडायची तर बॅटरीचे दार उघडे राहते आणि पावसापासूनचे संरक्षण जाते. बार झाल्यावर बटण दाबून आधीची ३० सेकंद वाचवण्याची सोय काही मॉडेलांत आहे, पण नराचे साद देत देत जवळ येणे तिच्यात सापडत नाही. आमच्या मते शिकारीचा जीव त्या येण्यातच आहे. त्यामुळे तुम्ही काढलेल्या मादीच्या आवाजाला उत्तरादाखल आलेली नराची साद जवळ सरकू लागली की रेकॉर्डिंग सुरू करावे, आणि पक्षी नजरेच्या टप्प्यात आल्यावर कॅमेऱ्याला हात लावू नये. आवाजासाठी जलरोधक डबी काढून माइकवर केसाळ आवरण घालावे.

नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा असे रंग असतात. या रंगांचा पट्टा किंवा टेप कॅमेऱ्यावर नको. दुसरा शिकारी त्यालाच टर्की समजू शकतो. शेपटीच्या पंख्याआड लपून पक्ष्याकडे सरपटत जाण्याचे व्हिडिओ पाहून कोणी तो प्रकार करू नये, त्यातही धोका हाच आहे. रेकॉर्ड केलेली साद रानात मोठ्याने वाजवू नका. बहुतेक राज्यांत टर्कीसाठी इलेक्ट्रॉनिक आवाजाला बंदी आहे. अनेक राज्यांत मारलेला पक्षी हलवण्याआधी त्याला टॅग, म्हणजे शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी, लावावा लागतो, तेव्हा फोटो त्यानंतर.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक. अशा व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक. मित्राची बंदूक 'नुसती व्हिडिओपुरती' हातात घेतानाही हा परवाना खिशात हवा.

आपले,
अमेरिकेतील काही मराठी वाचक