जन्म नोंदला, की नुसता 'हो' म्हटले?

महोदय,
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) अहवालात देशातील पाच वर्षांखालील ८९.१ टक्के मुलांच्या जन्माची नोंद झाल्याचे म्हटले आहे. आकडा समाधानाचा, पण तो निघतो कसा? आधी दाखला आहे का, असे विचारतात. नसेल तर 'नोंदणी केली का?' घरातल्या उत्तर देणाऱ्याने 'हो' म्हटले की मूल नोंदलेले धरले जाते. युनिसेफच्या पाहणीतही अनेक देशांत साधारण हीच रीत, आणि त्यावरून देशादेशांची तुलना होते.

गोवंडीत माझ्या शेजारच्या ताईंकडे मुलाच्या शाळाप्रवेशासाठी दाखला मागितला, तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद अलगद काढला. ते प्रसूतिगृहाचे डिस्चार्ज कार्ड निघाले. चार वर्षे त्या त्यालाच दाखला समजत होत्या! सर्वेक्षणवाल्यांनाही त्यांनी मनापासून 'हो'च सांगितले असते. उलटही घडते: रुग्णालयाने नोंद कळवलेली असते आणि आईला पत्ताच नसतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत हाच दाखला पुरावा आहे. म्हणून दाखला डोळ्यांनी पाहिलेली मुले किती आणि तोंडी 'हो' किती, हे वेगळे छापावे. निदान काही घरांची उत्तरे तरी पालिकेच्या जन्मनोंदींशी ताडून पाहावीत.

– एक वाचक, गोवंडी, मुंबई