रणगाडा म्हणजे खेळणं नव्हे!

संपादक साहेब, नमस्कार.
रविवारच्या पुरवणीत १:३५ स्केलच्या (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या) रणगाड्यांच्या मॉडेल्सना तुम्ही ‘खेळणी’ म्हटलंत, जरा खटकलंच. मी सध्या १९६५च्या लढाईतल्या सेंच्युरियन रणगाड्याचं मॉडेल करतोय, जोडायला चार संध्याकाळी पुरल्या पण रंगकाम दोन महिने झाले तरी संपेना, आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला हात), मग हिरवा, त्यावर ग्लॉस वार्निश आणि मग पातळ तपकिरी ऑइल पेंटचा वॉश, तो फटींत आणि बोल्टांभोवती बसतो तेव्हा कुठे लोखंड वाटायला लागतं. वार्निश विसरलात की वॉशचे डागच डाग (माझा एक पॅटन रणगाडा असाच गेला). खऱ्या रणगाड्यावर धूळ कुठे बसते ते बघायला मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात दोनदा जाऊन आलोय, बायको अजून हसते. पुढच्या वेळी एखाद्या मॉडेलचा जवळून फोटो छापा ना!

– एक वाचक, पुणे