मोज्यांचा निकाल लागला

शिकागो,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय पक्या,

आपल्या मोज्यांचं, म्हणजे बेसबॉलमधल्या आपल्या व्हाइट सॉक्सचं, फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. तुझा फोन म्हणजे मागं ब्लोअर घरघरतोय आणि तू "हां, हां" म्हणत कुणाला तरी नळी धर म्हणून ओरडतोयस. म्हणून लिहितोय. इथं हे ऐकून घेणारं कुणी नाही. मेधा म्हणते, "बरं झालं संपला सीझन, आता तरी वेळेवर जेवायला येत जा." ऑफिसात निम्मे क्रिकेटवाले, उरलेले तुझ्या भाषेत कब्जवाले, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या बेसबॉल टीमचे, कब्सचे. (सईसमोर कब्सना आता कब्ज म्हणता येत नाही, तिला अर्थ कळलाय.) तब्येत बरी. शुगर काठावर आहे, गोळी चालू केलीय.

तर, आपल्या मोज्यांचा निकाल लागला. १६२ सामने, ४१ विजय, १२१ पराभव. १९०० नंतर कुठलीच टीम एका सीझनमध्ये इतकी हरलेली नाही. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा विक्रम होता, तो मोडला. पण मेट्स त्या वर्षी नव्यानं उभे राहिलेले, इतरांनी सोडलेले खेळाडू गोळा करून आणलेले. आपलं दुकान १९०१ पासूनचं आहे, लेका. आणि तीन वर्षांमागं, २०२१ ला, ह्यांनी ९३ सामने जिंकून डिव्हिजन, म्हणजे आपला गट, मारली होती. तेव्हा तुला मी काय काय मेसेज पाठवले होते ते कृपा करून परत वर काढू नकोस.

सुरुवातच ३ विजय, २२ पराभव अशी. मे-जूनमध्ये सलग १४ हरले, क्लबचा विक्रम. तो दोन महिनेही टिकू दिला नाही, जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१! शेवटी ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये कसाबसा एक सामना जिंकला आणि तिथं एकमेकांना मिठ्या मारत होते. दोन दिवसांनी मॅनेजर ग्रिफॉलला काढलं. हे म्हणजे वरात जेवून गेल्यावर आचारी बदलण्यातला प्रकार.

नुसते वाईट खेळले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण हरण्याचे नवनवे मार्ग शोधून काढले. २३ मे, आपल्याच मैदानावर बाल्टिमोरविरुद्ध, नववी इनिंग, ८-६ नं मागे, आपले दोघं बेसवर, एक आउट. आपल्या बेनिनटेंडीनं चेंडू सरळ वर उडवला. इनफिल्ड फ्लाय, म्हणजे बॅटर तसाही आउट. आणि सेकंड बेसवरचा वॉन परत फिरताना त्यांच्या फील्डर हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसननं कॅच आरामात घेतला, पण अंपायर म्हणाला अडथळा, वॉनही आउट, तीन आउट झाले, मॅच खलास. मी सोफ्यावर उभा. मेधा धावत आली, तिला वाटलं घरी कुणाला काही झालं.

आणि आपला पिचर सीज! तू गेल्यानंतर आलेला, तुला माहीत नसेल. ह्या मुलाचा स्लायडर, तो वळणारा चेंडू, बघण्यासाठी मी मीटिंगा टाळलेल्या आहेत. मार्चमध्ये त्याला सॅन डिएगोला देऊन टाकला. २५ जुलैला त्यानं त्यांच्याकडून नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही. त्या दिवशी आपण त्या २१ हारींच्या मधोमध कुठंतरी गटांगळ्या खात होतो. नंतर १२० वी हार कुठं झाली असेल? सॅन डिएगोतच.

आता मुख्य गोष्ट. १२० वर बरोबरी झाली आणि टीम घरी आली, तीन सामन्यांसाठी. मी २४ सप्टेंबरला ऑफिसातून रेड लाइन पकडून पस्तिसाव्या स्ट्रीटला उतरलो. ट्रेनमधली निम्मी माणसं इतिहास बघायला निघाल्यासारखी नटलेली. माझ्या शेजारी एक आजोबा, डोक्यावर कागदी पिशवी, डोळ्यांना दोन भोकं. तोंडाला भोक पाडायचं राहिलेलं, त्यामुळं बिअरच्या प्रत्येक घोटाला पिशवी नाकापर्यंत उचलायची आणि परत खाली सोडायची. आठव्या इनिंगपर्यंत आपण २-० नं मागे. सगळीकडे "सेल द टीम" चालू. मीही ओरडलो, खोटं कशाला सांगू, घसा बसेपर्यंत. आणि काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, आठव्या इनिंगमध्ये ह्यांनी तीन रन काढले! पक्या, माझ्या आजूबाजूचे लोक अक्षरशः एकमेकांकडे बघत होते, की आता टाळ्या वाजवायच्या का कसं. मागच्या रांगेतून तर हुर्यो आली. आजोबांनी पिशवी काढली, स्कोअरबोर्डकडे नीट बघितलं आणि परत घातली. ३-२ नं जिंकलो. दुसऱ्या दिवशी दहाव्या इनिंगमध्ये जिंकलो. तिसऱ्या दिवशी ७-०. इतिहास काय आमच्या नशिबी नव्हता. तो २७ तारखेला डेट्रॉईटला झाला आणि आपल्या १२१ व्या हारीवर तिथलं अख्खं स्टेडियम नाचत होतं, कारण दहा वर्षांनी ते प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेले. आपल्याकडून तिकडे गेलेला कॉमेंटेटर बेनेटीसुद्धा ह्या वर्षी त्यांच्याच पंगतीत.

तू लगेच म्हणशील, "मालक बदलत नाही तोवर हेच." तू हे २००७ पासून म्हणतोयस आणि तेव्हा मी राइन्सडॉर्फची बाजू घ्यायचो म्हणून किचनमध्ये आपलं जे भांडण झालं होतं त्यात नानाचा कुकर कामी आला. भांड आता हवं तितकं, मी तुझ्या बाजूनं बसतो. १९८१ पासून हाच माणूस. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार किती, तर साडेसात कोटी डॉलर, तोही बेनिनटेंडीला. इतर टीम तेवढे एखाद्या बऱ्या पिचरवर उधळतात. १६२ सामन्यांत ५०७ रन, सगळ्या लीगमध्ये तळाला. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजला निदान पैसे घेऊन हरले होते.

बरं, शाळेत शेवटून पहिला आला की निदान पुढच्या ड्राफ्टमध्ये, नवीन पोरं निवडताना, पहिला नंबर मिळावा ना? तेही नाही. मोठ्या शहराच्या टीमला वरचे नंबर काढायच्या लॉटरीत लागोपाठ दोन वर्षं बसता येत नाही असा नियम निघाला. ह्या वर्षी लॉटरीतला पाचवा मिळाला होता, म्हणून पुढच्या वर्षी दहाव्याच्या वर नाही. म्हणजे हरायचा विक्रमही फुकटच गेला.

आणि वर आता म्हातारबुवांना नवीन स्टेडियम पाहिजे, डाउनटाउनजवळ नदीकाठी, त्यात सरकारी पैसा पाहिजे. आताच्या स्टेडियमचा करार २०२९ पर्यंत आहे. नाहीतर टीम नॅशव्हिलला नेण्याची कुजबुज आहेच. हाच डाव १९८८ ला खेळलेला आहे, फ्लोरिडाला जातो म्हणून. तेव्हा स्प्रिंगफिल्डला विधानसभेत घड्याळ मध्यरात्रीआधी थांबवून बिल पास केलं होतं. त्यातून जे स्टेडियम उभं राहिलं त्याच्याच फटाक्यांनी इथल्या आयआयटीच्या (इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) होस्टेलवर आपल्या खिडक्या हलायच्या. माझ्या आयुष्यातली निम्मी मजा एका धमकीतून आलेली आहे, हे मला अलीकडे झोपताना आठवत राहतं.

आपलं चुकलं असं की आपण ऑगस्ट २००५ ला आलो. दोन महिन्यांत मोज्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली! ८८ वर्षांनी! आपल्याला वाटलं हे दरवर्षीच होत असणार. स्वस्तातली तिकिटं काढून, वरच्या कठड्याला टेकून, तू मक्याच्या कपात लिंबू कमी आहे म्हणून काउंटरवर हुज्जत घालायचास. आणि त्याच वर्ल्ड सिरीजमध्ये आपल्या पॉडसेडनिकच्या होमरनला तू झोपला होतास. २३ ऑक्टोबर, पाऊस, ६-६. अख्ख्या सीझनमध्ये ज्यानं एक होमर मारला नव्हता त्यानं नवव्या इनिंगमध्ये मारला, आणि तू पांघरूण डोक्यावर घेऊन, "पाऊस आहे, मॅच धुतली जाणार" म्हणून. आता तू सगळ्यांना सांगतोस की तू बघितलास. नानाला विचार.

खरा पेच पुढं आहे. सईला कब्सची टोपी पाहिजे. वर्गात बहुतेक पोरं त्यांच्याच टोप्या घालतात. तिची मैत्रीण रिग्लीला, कब्सच्या मैदानावर, वाढदिवस करून आली, तेव्हापासून निळा रंग डोक्यात बसलाय. मेधा म्हणते, घेऊन दे, पोरीला त्रास कशाला. सईनं मला काही विचारलंही नाही, सरळ आईकडे अर्ज केला, ह्याचाच जास्त राग आलाय. कब्स ८३ जिंकून तेही प्लेऑफच्या बाहेरच, पण निदान बघवत होतं ना. मी दोन-तीनदा तिला आपल्या मैदानावर नेलं. तिला तिथलं काय आवडलं असेल तर तो कॅम्पफायर मिल्कशेक. ह्या वर्षी टीमपेक्षा त्याचंच नाव जास्त झालं, म्हणून तिला दोष देता येत नाही. आपला पिचर क्रोशेट टाकताना दाखवला तिला, १४६ इनिंगमध्ये २०९ जणांना स्ट्राइकआउट केलेला पोरगा, बघ म्हटलं, असा हात. तर म्हणते, "हा तरी राहणार का बाबा?" मी गप्प. त्यालाही देऊन टाकतील असं सगळे बोलतायत.

टोपी आणू दिली तर घरात रोज ती खुंटीला दिसणार. नाही आणली तर मी माझ्या बापासारखा. त्यांनी मला रेडिओवर जे लागेल तेच ऐकायला लावलं, तुला ठाऊक आहे. तुझ्या पोरानं उद्या बागेऐवजी दुसरंच काही धरलं तर तू काय करशील? प्रामाणिकपणे सांग, भाषण नको. तू इथलं सोडून तासगावला निघालास तेव्हा मी एअरपोर्टला तुझ्याशी जे बोललो होतो ते ह्यात आणू नकोस.

तुझ्या द्राक्षांची छाटणी झाली का? पाऊस अजून लांबलाय असं ऐकलं, डाऊनी रोगाला जप. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच करा, आधी घाई नको. ओंकारचं बारावीचं वर्ष ना? त्याला मोबाइल बघू दे थोडा, फार ओरडू नकोस. वहिनींना नमस्कार. बेदाणे पाठवू नकोस, मागचे अजून आहेत. पाठवलेस तर हिरवे पाठव.

टोपीचं लवकर कळव. तिचा वाढदिवस दिवाळीच्या आधी येतो.

तुझा,
सुध्या

ता. क. डेट्रॉईटमधले शेवटचे दोन्ही सामने आपण जिंकलो. १२१ झाल्यावर. तू काय म्हणणार ते मीच लिहून टाकतो, की ह्यांना धड हरायलासुद्धा येत नाही.