सायलीस, तुझ्या जाळीदार गोलाबद्दल

बडोदे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

"आई, हे माझं म्हणता येईल का गं, की हेकेलची नक्कलच करतेय मी?" सेकंड लाइफ या संगणकावरच्या आभासी जगात तू रेडिओलेरियावरून केलेल्या जाळीदार गोलाबद्दलचा हा तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले.

आधी हेकेलबद्दल, म्हणजे सूक्ष्म जिवांची ती प्रसिद्ध चित्रं काढणाऱ्या जर्मन जीवशास्त्रज्ञाबद्दल. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून जे नमुने आणले, त्यातल्या रेडिओलेरियांवर, म्हणजे सिलिकाचा जाळीदार सांगाडा असलेल्या समुद्रातल्या एकपेशी जिवांवर, त्याने वर्षानुवर्षं काम केलं आणि १८८७ साली साडेतीन हजारांहून अधिक नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. एवढा मोठा डोंगर उपसलेल्या माणसाच्या सावलीतून जावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार रने बिने या वास्तुशास्त्रज्ञाने रेडिओलेरियावरूनच रचलं होतं आणि हेकेलचं ऋण त्याने मोकळेपणी मान्यही केलं. ती कमान मात्र बिनेचीच. कारण डोळ्यांना सूक्ष्मदर्शक लावल्याशिवाय न दिसणाऱ्या जिवाखालून माणसांनी चालत आत जायचं, हे त्याला सुचलं होतं. हेकेलच्या चित्रांत सममिती जरा जास्तच नीटनेटकी आहे, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. मलाही तो पटतो. तलावाच्या पाण्याचा थेंब मी वर्गातल्या मुलांना आयुष्यभर दाखवत आले. कुठला तरी काटा आखूड, कुठलं तरी भोक वाकडं, असंच बहुतेक वेळा दिसतं. म्हणून चित्रावरून चित्र काढू नकोस, एवढंच माझं म्हणणं. तो जीव ज्या नियमाने घडतो तो नियम उचल. मग जे होईल ते तुझं.

तुझा गोल मी लॅपटॉपवर सावकाश पाहिला. बाहेरून फेरी मारली, भोकातून आत गेले, दुसऱ्या बाजूने बाहेर आले. सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा बघताना तू लहानपणी गप्प होऊन जायचीस, तसंच काहीसं मला झालं. मिलिमीटरच्या अंशाएवढा जीव तू देवमाशाहून मोठा केलास आणि तो तेवढाच नाजूक वाटतो, हे सोपं काम नाही.

पण गोलाच्या माथ्यावर आणि तळाशी भोकं दाटीवाटीने एका बिंदूत गोळा झाली आहेत. मधे छान मोकळी जाळी आणि दोन टोकांना चुण्या. असं का होतं हे तूच मागे समजावलं होतंस: सेकंड लाइफमध्ये २००७ पासून स्कल्प्टी, म्हणजे चित्रावरून घडणारे आकार, आले, त्यात चित्रातल्या तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगाची मात्रा म्हणजे प्रत्येक बिंदूची तीन दिशांतली जागा. चित्र चौकोनी, त्याचा गोल करायचा तर वरची अख्खी ओळ एका टोकात कोंबावी लागते आणि खालची दुसऱ्या. म्हणजे ही चुणी त्या साधनाची आहे, त्या जिवाची नाही. रेडिओलेरियाच्या गोल जाळीला असे उत्तर-दक्षिण ध्रुव नसतात.

त्या जिवाच्या जाळीचा नियम फार सुंदर आहे. जाळी बहुतेक षट्कोनांची दिसते, पण नुसत्या षट्कोनांनी गोल कधीच बंद होत नाही, ते सपाटच पसरत जातात. हे ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रातून निघतं. प्रत्येक गाठीत तीन कडा मिळत असतील आणि जाळीत पंचकोन व षट्कोन एवढेच असतील, तर पंचकोन नेमके बाराच लागतात. जाळी केवढीही बारीक करा, बारा म्हणजे बारा. जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्प्सन यांनी याच जिवांच्या संदर्भात ही गोष्ट मांडली. सेकंड लाइफमध्ये २०११ पासून मेश, म्हणजे बाहेर घडवलेले त्रिमितीय आकार, चढवता येतात, तेव्हा स्कल्प्टीचं बंधन तुला उरलेलंच नाही. ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या प्रोग्रॅममधला आयकोस्फिअर हा तयार गोल घे. तो वीस त्रिकोणांपासून सुरू होतो, त्याच्या बारा कोपऱ्यांवर पाच-पाच कडा येतात, आणि त्यावरून जाळी उलटवलीस, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याच्या जागी एक भोक केलंस, की तिथेच ते बारा पंचकोन उमटतील. ते लपवू नकोस. उलट, बघणाऱ्याला शोधावेसे वाटतील असे ठेव.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तू सांगाडा केलास, जीव केला नाहीस. ती भोकं शोभेची नाहीत. त्यांतून जिवंत पेशीद्रव्याचे बारीक धागे चहूबाजूंना पसरतात आणि भक्ष्य धरतात. तळाच्या गाळात फक्त सिलिकाची जाळी उरते, म्हणून चित्रांतही बहुधा तीच दिसते. तुझ्या भोकांतून काय बाहेर येतं, याचा विचार कर.

आणि ते हलतं कसं? तुझा तो शेपटीवाला छोटा जीव थांबताना हळूहळू घरंगळत थांबतो, माशासारखा. एवढ्या लहान मापाला तसं होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ च्या लेखात हे फार छान दाखवलं: त्या आकाराला पाणी इतकं चिकट भासतं की जिवाणूने शेपूट फिरवणं थांबवलं, की तो अणूच्या रुंदीहूनही कमी अंतरात थांबतो. वेग उरतच नाही. वल्ह्यासारखं नुसतं पुढे-मागे हलूनही तो पुढे जात नाही, जितका पुढे गेला तितकाच मागे येतो. म्हणून मळसूत्रासारखी फिरणारी शेपूट लागते. व्हॉर्टिसेला आठवते का तुला? तो एकपेशी जीव, देठावरची घंटा. धक्का लागला की काही मिलिसेकंदांत देठाचं स्प्रिंग होऊन ती आकसते आणि मग निवांत, कितीतरी जास्त वेळ घेऊन सरळ होते. तो वेगातला फरक तुझ्या स्क्रिप्टमध्ये आला, तर कोणी नाव सांगितलं नाही तरी बघणारा म्हणेल, हे जिवंत आहे.

इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजात तुला मातीने शिकवलं. तिथे आधी आर्मेचर, म्हणजे आतला आधाराचा सांगाडा, मग माती; वजन चुकलं की मूर्तीचा हात गळून पडतो. १९५० साली ते सुरू झाल्यापासून, शिल्पकार शंखो चौधरींच्या काळापासून, किती पिढ्यांचे हात त्या मातीत तयार झाले. तुझ्या आभासी जगात वजन नाही, काहीही अधांतरी राहतं. म्हणूनच तिथे सगळं फुकट मिळाल्यासारखं होतं आणि काम सैल पडायची भीती असते. तुझे बाबा म्हणतात, हात माती विसरतील. मला तसं वाटत नाही. मातीने घातलेली शिस्त तिथे नाही, तर या सूक्ष्म जिवांची शिस्त घे. ती तितकीच कडक आहे.

रंगांबद्दल थोडंच: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोंतले निळे-जांभळे रंग मागाहून भरलेले असतात. जिवंत डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचातली एकपेशी शेवाळं, सोनेरी-तपकिरी असतात. तो रंग एकदा वापरून बघ, तुला आवडेल.

डायटमवरूनच एक कल्पना देते, पटली तर घे. त्याचं कवच म्हणजे डबा आणि झाकण. पेशी दुभंगते तेव्हा एकीला झाकण मिळतं, दुसरीला डबा, आणि दोघीही मिळालेल्या भागाला झाकण समजून आत नवा डबा घडवतात. डबा मिळालेली त्यामुळे थोडी लहान होते, तिच्या प्रजेतल्या काही आणखी लहान. बहुतेक जातींत हे एका मर्यादेपर्यंत चालतं. मग लैंगिक प्रजननातून कवच टाकलेली एक पेशी फुगते आणि पुन्हा पूर्ण मापाचा डायटम घडतो. हे शिल्प दगडात करता येणार नाही, मातीतही नाही. तुझ्या जगात येईल: उघडणारं, दुभंगणारं, पिढीगणिक लहान होत जाणारं आणि एके दिवशी अचानक मूळ मापाला परतणारं. रोज येणाऱ्याला रोज वेगळं माप दिसेल. जुन्या पिढ्या पुसायच्या की तळाशी साचू द्यायच्या, हे तू ठरव. मी असते तर साचू दिल्या असत्या, समुद्रात त्या तशाच साचतात. पण तुझ्या तिथे एका जागेत किती वस्तू मावतात याला मर्यादा असते असं तू म्हणाली होतीस, तेव्हा आधी तो हिशोब बघ आणि किती पिढ्या बसतात ते मला कळव.

तुझी,
आई