दार उघडते, त्याचे काय?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला एकटेपणावरचा लेख वाचला. 'नरक म्हणजे इतर माणसं' हे फ्रेंच तत्त्वज्ञ-नाटककार ज्याँ-पॉल सार्त्रचे वाक्य वर घेऊन लेखकाने माणसांपासून चार हात लांब राहण्याचा सल्ला दिला आहे. ज्या नाटकातले हे वाक्य, त्या 'नो एक्झिट'मध्ये (मूळ फ्रेंच 'उई क्लो') मी इनेसची भूमिका केली आहे. त्यातून असा सल्ला निघालेला वाचून मला राहवले नाही.

नरकातल्या एका दिवाणखान्यात तीन मृत माणसे: इनेस, एस्तेल आणि गार्सँ. दिवा विझत नाही, पापण्या मिटत नाहीत, आरसा नाही. एस्तेलला लिपस्टिक लावायची असते. इनेस म्हणते, माझ्या डोळ्यांत बघ. ती बघते, आणि मग इनेस तिच्या गालावर पुटकुळी असल्याची थाप मारते. एस्तेल घाबरते. तालमीत हा प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा केला, कारण सगळे नाटक त्यात आहे: स्वतःकडे बघायचे सोडून आपला चेहरा दुसऱ्याच्या हवाली केला, की तो दुसरा आपला मालक होतो.

यापुढचे तर कुणीच सांगत नाही. युद्ध टाळून पळून जाताना पकडला जाऊन गोळ्या घातला गेलेला पत्रकार गार्सँ दारावर धडका देतो आणि दार खरोखर उघडते! तो जात नाही. आपण भित्रे नव्हतो हे इनेसकडून वदवून घेतल्याशिवाय त्याला जाववत नाही. ते प्रसिद्ध वाक्य याच्यानंतर येते, आणि तेही या गार्सँच्या तोंडी. 1965 मध्ये या नाटकाच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलताना सार्त्रने स्वतःच खुलासा केला होता की, इतरांशी असलेले नाते विषारीच असते असे त्याला म्हणायचे नव्हते. नाते नासले असेल तरच दुसरा माणूस नरक होतो.

नाटकाचा पहिला प्रयोग पॅरिसच्या व्ह्यू-कोलोंबिए थिएटरात 27 मे 1944 रोजी झाला. शहर जर्मनांच्या ताब्यात होते. कोण गप्प बसला, कोणी चुगली केली, कोण लढला, हे प्रेक्षकांच्या घरातले प्रश्न होते. गार्सँचा भित्रेपणा त्यांना तत्त्वज्ञानाचा धडा वाटला असेल, असे मला वाटत नाही.

या नाटकाचा प्रभाव टिकला तो निराशेमुळे, असेही लेखात म्हटले आहे. माझे मत अगदी उलट आहे. टिकले ते उघडे दार. 1953 मध्ये पॅरिसमध्येच आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' आले. तिथे तर भिंतीच नाहीत, रस्ता मोकळा आहे, 'चला' म्हणूनही गोदोची वाट बघणारे दोघे जागचे हलत नाहीत. ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटरने 1964 मध्ये बीबीसीवर गार्सँ स्वतः रंगवला. त्याच्या नाटकांतल्या, माणसांना सोडवत नाहीत अशा खोल्या आठवून पाहा. 2016 साली सुरू झालेली 'द गुड प्लेस' ही अमेरिकी मालिकाही माणसांनीच एकमेकांना छळावे अशा नरकावर उभी आहे, फक्त तिथली माणसे स्वतःला बदलायचे ठरवतात.

लेखकाला एवढीच विनंती: नाटक एकदा सलग वाचावे. एकच अंक आहे, तासा-दीड तासात होतो. आणि पुरवणीत पुन्हा हे वाक्य छापाल तेव्हा त्याआधी दार उघडले होते, एवढी एक ओळ सोबत जरूर द्यावी.

आपली,
एक नाट्यकर्मी वाचक