लहान गटाच्या ताईला

प्रिय ताई,

सहा-सात वर्षांची मुलं तुला ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने लिहिते आहे. वयाने मी कितीतरी मोठी, तरीही.

नाटकाच्या वर्गात आलीस तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. संवाद चोख पाठ, पण एरवी 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यापुढे गाडी सरकायची नाही. लहान गटाला मदतीला कोणीतरी हवं होतं, म्हणून तुला तिकडे पाठवलं. तुझ्या भाषेचा विचार तेव्हा माझ्या मनातही नव्हता.

मग तो राजाचा संवाद. 'मी त्याला शिक्षा दिली नाही.' आमचा छोटा राजा एका सुरात म्हणत होता. मी दोनदा सांगितलं, "भाव आण." त्याला काही उमजेना. तू त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलीस. "दुसऱ्याच कोणी दिली असेल तर? मग 'मी'वर जोर दे. दिली, पण भलत्यालाच?" त्याने 'त्याला'वर जोर दिला. पुढच्या खेपेला 'शिक्षा' त्याने आपणहून ठासून म्हटलं आणि वर खुलासाही केला, "नुसतं रागावलो!" वर्ग सुटेपर्यंत तो तेच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होता.

एकदा एकीने 'व्याकुळ' म्हणजे काय, असं विचारलं. तू 'दुःखी' म्हणालीस आणि लगेच थांबलीस. "नाही गं. दुःखी माणूस गप्प बसून राहील. व्याकुळ माणसाला बसवत नाही." हा अर्थ तिच्यासाठी शोधता शोधता तुलाही तिथेच सापडला, मी पाहत होते.

मूल भाषा आधी इतरांशी बोलायला वापरतं, मग तीच त्याच्या आतल्या विचारांची भाषा होते, असं मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडलं होतं. मी ते वाचलं होतं. घडताना तुझ्यामुळे पाहिलं.

परवा तालमीत तूच म्हणालीस, "बाई, हे वाक्य त्यांच्या तोंडात बसत नाहीये. क्रियापद येईपर्यंत दम संपतो. दोन वाक्यं करू का?" केलीस, आणि संवाद सुरळीत झाला.

'भाव आण' म्हणणं मी सोडलंय. आता विचारते, "हे कोणाला सांगतोयस? आणि का?" हे तुझ्याकडून घेतलं. मनापासून आभार.

तुझ्या,
नाटकाच्या बाई