"मोज," एवढंच म्हणालात

नमस्कार दादा,

त्या रात्री तुम्हाला धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. कॉल ठेवला आणि लगेच वेबसाइटमधल्या त्रुटी शोधणारं स्कॅन पुन्हा लावायला बसले. चार दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

स्कॅनच्या टूलला मी कमांडमधून कुकी (लॉगिन झाल्याची ओळख सांगणारा मजकूर) देत होते, तरी ते लॉगिनच्या आत जात नव्हतं. तुमच्याआधी तिघांना विचारून झालं होतं. पहिला म्हणाला, "कोट टाकलेस का?" (म्हणजे अवतरणचिन्हं; त्यांच्यातला मजकूर मध्ये स्पेस असली तरी एकसंध राहतो.) दुसऱ्याने तेच विचारलं, फक्त आवाज चढवून. तिसरा म्हणाला, डबलऐवजी सिंगल कोट टाकून बघ. (स्पेसपुरतं बोलायचं तर शेलला, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला, दोन्ही सारखेच. पण तेव्हा मी तेही करून पाहिलं.) मी "हो, टाकलेत" म्हटलं की समोरून अशी शांतता यायची की मलाच माझा संशय यायचा.

कोट होते हो! कुकीच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांना दिसत होते. तरी लॉगिनच्या आतली पानं टूलला सापडत नव्हती, आणि रिपोर्ट मात्र एकदम स्वच्छ. आमच्याच टेस्ट सर्व्हरवर मी हाताने शोधलेली एक त्रुटी होती, तीसुद्धा त्यात नाही. एरर आली असती तर परवडली असती. हा स्वच्छ रिपोर्ट तसाच पुढे गेला असता तर?

तुम्ही स्क्रीन बघितलीत, पण कंट्रोल मागितला नाहीत. म्हणालात, "टूल राहू दे बाजूला. त्याच्या हातात काय पडतंय ते आधी बघू." टूल चालवणाऱ्या आमच्या स्क्रिप्टमध्ये टूलच्या नावाच्या जागी प्रिंटएफ (हातात पडेल ते नुसतं छापणारी कमांड) घालायला लावलंत, प्रत्येक अर्ग्युमेंट, म्हणजे कमांडला दिलेला एकेक तुकडा, चौकटी कंसात, स्वतंत्र ओळीवर. एंटर मारलं.

[--कुकी]
[सेशन=४७११;]
[रोल=टेस्टर]

"मोज," तुम्ही म्हणालात. आणि गप्प झालात.

मी खरंच स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. दोन हवे होते, तीन निघाले. एका स्पेसवर कुकी मोडली होती.

तुम्हाला ते माझ्या आधीच कळलं असणार. तरी मला दिसेपर्यंत थांबलात. फार तर अर्धा मिनिट असेल तो, पण तिघांच्या मिळून दोन दिवसांत मला तेवढा मिळाला नव्हता.

बाकीचं मग आपसूक उलगडलं. माझे कोट शेलने वाचले आणि काढून टाकले, ते त्याचं कामच. युनिक्समध्ये प्रोग्रामला टाइप केलेली ओळ मिळत नाही, सुट्या अर्ग्युमेंटची यादी मिळते. आमच्या त्या रॅपर (टूलला गुंडाळून चालवणाऱ्या) स्क्रिप्टपर्यंत कुकी अखंड पोचली होती. तिथे कोटांशिवाय उघड्या $* ने (मिळालेली सगळी अर्ग्युमेंट पुढे देणारी खूण) तिचे तुकडे केले. त्या जागी "$@" लिहिलं, डबल कोटांसकट (ही खूण प्रत्येक अर्ग्युमेंट जसंच्या तसं पुढे देते), आणि कंस दोनच उरले.

या क्षेत्रात हुशार माणसांची वाण नाही. समोरच्याला खजील न करता हुशार असणारी मात्र शोधावी लागतात, आणि ती बहुतेक वेळा आपल्या टीममध्ये नसतात.

बाय द वे, ती रॅपर स्क्रिप्ट कुणी लिहिली होती तेही काल कळलं. "कोट टाकलेस का" विचारणाऱ्या पहिल्यानेच.

तुमची,
कंस मोजणारी